दहावी गोळी

माझ्या धाकट्या भावानं बर्फावर पळायचा खेळ धरला, तेव्हा आमच्या अख्ख्या भावकीत बर्फ पाहिलेला माणूस नव्हता. पाहिला असेल तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला. सोयगावकडचं आमचं गाव कापसाचं. तिथं जानेवारीत पहाटे शेकोटी पेटली की थंडी पडली म्हणायचं. वडील गेले तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता आणि मी वीस. मला वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये नोकरी लागली, तसं आईला आणि त्याला मी शहरात आणलं. त्याची फी मी भरली, त्याच्या पाठीत धपाटे मी घातले, आणि तो लष्कराच्या भरतीत पहिल्या झटक्यात निवडला गेला तेव्हा गल्लीत मिरवलोही मीच.

दोन वर्षांनी त्याचा काश्मीरहून फोन आला. "दादा, मला बर्फावर घसरायला शिकवायलेत."

मला वाटलं, पोरानं काहीतरी आगळीक केली असेल आणि ही त्याची शिक्षा.

त्या खेळाला बायथलॉन म्हणतात हे पुढं कळलं. पायांना माणसाएवढ्या लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या, पाठीवर साडेतीन किलोची रायफल अडकवायची आणि डोंगरातल्या बर्फावरून जीव तोडून पळायचं. मध्येच थांबून पन्नास मीटरवरची पाच काळी निशाणं टिपायची. एकदा पालथं पडून, पुढच्या खेपेला उभ्यानं. पालथं पडून टिपायचं निशाण पाणीपुरीच्या पुरीएवढं, उभ्यानं टिपायचं आपल्या सणाच्या पुरीएवढं. गोळी लागली की काळं निशाण पांढरं होतं. एक चुकलं की दीडशे मीटरची एक जादा फेरी मारायची, मगच पुढं जायचं. दोन खेपा, दहा गोळ्या, आणि सगळ्यांत कमी वेळात पोचेल तो जिंकला.

मला आधी हसू आलं, मग राग. बरोबरीची पोरं हवालदार होऊन घरं बांधायला लागली आणि हा दहा वर्षं घसरतोय. देशातल्या स्पर्धा जिंकला, परदेशात चार-पाचदा गेला आणि दरवेळी शेवटून दुसरा-तिसरा आला. मी त्याला बर्फावरची थेरं म्हणायचो, त्याच्या तोंडावर. माझी मुलगी मोबाइल घेऊन यायची, "पप्पा, काका दिसायलेत बघा," की मी म्हणायचो, शेवटून कितवा आला तेवढं सांग. दहा वर्षांत त्याची एकही शर्यत मी पाहिली नाही. मी तसा आहेच. पंचवीस वर्षं लोखंडाचे तुकडे केसाच्या जाडीहून कमी फरकात कापत आलो. माझी बायको म्हणते की मी ताटातल्या पोळीकडंही माप घेतल्यासारखा बघतो.

मग एका मे महिन्यात तो रजेवर आला. वय एकतीस. जेवताना त्यानं आईला सांगितलं, पण ऐकवायचं मला होतं. येत्या हिवाळ्यात युरोपात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती. तिथं पहिल्या तिघांच्या वेळेवरून एक हद्द ठरवतात. त्या हद्दीच्या आत पोचणाऱ्याला जगातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतींचं दार उघडतं. आपल्याकडच्या फार थोड्यांना ते उघडलेलं.

"आत आलो तर आलो," तो म्हणाला. "नाय तर वय झालं म्हणून नव्या पोरांना शिकवायला बसवतील."

आई म्हणाली, "बसव म्हणावं. बसून पगार मिळतोय तर काय वाईट?"

तो हसला, पण पोळी तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी तो दोन पट्ट्या घेऊन माझ्यापुढं आला. बर्फ नसतो तेव्हा सरावाला चाकाच्या पट्ट्या वापरतात. पुढंमागं एकेक चाक, मध्ये दांडी. एका चाकाचं बेअरिंग गेलं होतं. त्यानं दुसरं काही मागितलं असतं तर मी ऐकलंही नसतं, पण बेअरिंग गेलेलं चाक मला बघवत नाही. नवं बसवलं, फिरवून बघितलं, आणि ते नीट पळतंय का हे बघायला म्हणून पहाटे साडेपाचला मोटारसायकल काढून त्याच्यामागं पैठण रोडला गेलो.

तो निघाला, आणि मी गाडीचा काटा बघत राहिलो. सपाटीला पंचवीस. चढाला जरा कमी. तासाभरानंतरही पंचवीस. काठ्या रस्त्यावर टकटक वाजत होत्या, त्या आवाजाचा ठेका कुठं चुकत नव्हता. दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या एकानं गाडी थांबवून मला विचारलं, "काय झालं ह्येला? कोण पाठी लागलंय?" आमच्या कंपनीची बस समोरून गेली तेव्हा आत पेंगणारी सगळी शिफ्ट जागी झाली. दुपारी कँटीनमध्ये एकानं फार काळजीनं विचारलं की तुमच्या भावाचे दोन्ही पाय मोडलेत का, काठ्या घेऊन फिरायलाय. मी गाडीवर नुसता बसून दमलो होतो, आणि तो दीड तासानं थांबून म्हणाला होता, "आता जरा अंग मोकळं झालं."

खरं ते गच्चीवर दिसलं. घरी रायफल आणता येत नाही, म्हणून त्यानं तेवढ्याच वजनाची लाकडी बंदूक करून आणली होती. आमची गच्ची लांबीला दहा मीटर, म्हणजे खऱ्या अंतराचा पाचवा हिस्सा. मी निशाणंही त्याच मापात काढली, पत्र्यात भोकं पाडून, त्यातून पाण्याच्या टाकीवर काळा रंग मारून. नऊ मिलिमीटरची पाच, तेवीसची पाच. मग मला राहवेना. गुलमंडीच्या बाजारातून मी एक लेझरचा दिवा आणला, मुलं मांजरीला खेळवतात तसला, आणि तो बंदुकीच्या नळीला पट्टीनं आवळून बसवला. नळी जिथं बघते तिथं लाल ठिपका पडणार.

तो तीन मजल्यांचा जिना आठ वेळा चढला-उतरला आणि धापा टाकत बंदूक घेऊन उभा राहिला. दिवेलागण झाली होती. टाकीवरचा लाल ठिपका वीतभर नाचत होता. मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी मोजताच येईना, इतकी पळत होती. ठिपक्याची प्रत्येक उडी म्हणजे त्याच्या छातीतला एक ठोका, हे मला तेव्हा समजलं. माझ्या भावाचं काळीज मी टाकीवर बघत होतो.

मग त्यानं एक श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि ठिपका थांबला.

कमी झाला नाही, थांबला. काळ्या निशाणाच्या मधोमध, मोजून एक क्षण. नाडी माझ्या बोटांखाली तशीच धावत होती. त्यानं चाप ओढला, ठिपका पुन्हा उडाला, पुढच्या निशाणावर गेला आणि पुन्हा थांबला. मी आयुष्यभर स्थिरपणा साधायची मशीनं सांभाळली. त्यांचा पाया सिमेंटात गाडतात, खाली रबर घालतात, खोलीचं तापमान धरून ठेवतात, तेव्हा कुठं ती हलायची थांबतात. आणि हा तीन मजले पळून आलेला, घामानं निथळणारा हाडामासाचा माणूस दोन पायांवर उभा राहून तेच करत होता. माझ्या अंगावर काटा आला. ज्याला मी दहा वर्षं हसलो तो हे करत होता, आणि मी साधं वळून बघितलं नव्हतं, याची मला लाज वाटली. तोंडावर मात्र मी एवढंच म्हणालो, "पाचवं चुकलं."

ते खरंच होतं. रोज पाहिलं तर चार नेमकी बसायची आणि पाचव्याला गडबड. त्याला पुढं पळायची घाई व्हायची. तो सांगायचा की तिथं सगळे असंच करतात; ठिपका बसेना तरी चाप ओढून टाकायचा, चुकलं तर फेरी मारायची, कारण उभं राहून वेळ घालवण्यापेक्षा फेरी स्वस्त पडते. दहापैकी दहा त्याचे मोठ्या स्पर्धेत कधीच बसले नव्हते.

मला ते पटेना. आमच्याकडं मशीनवर चढवलेल्या लोखंडाला जॉब म्हणतात. जॉबला शेवटची धार लावताना नव्या कारागिराला मी एकच गोष्ट सांगतो, तीच त्याला सांगितली. "मशीन थांबलं तर थांबू दे. सुपरवायझर बोंबलला तर बोंबलू दे. पण माप बसल्याबिगर हात लावायचा नाय. बाद जॉबपेक्षा थांबलेलं मशीन बरं."

"ह्यो जॉब नाय, दादा."

"समदं जॉबच असतंय."

महिनाभर मी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसलो. ठिपका थांबला नाही आणि त्यानं चाप ओढला, की मी "बाद" म्हणायचो. रजेच्या शेवटी त्याचे दहाच्या दहा बसायला लागले. मला वाटलं, दहा वर्षं त्याच्या मोठमोठ्या शिक्षकांना जमलं नाही ते मी गच्चीवर करून दाखवलं. मी फार खूश होतो.

शर्यतीच्या दिवशी मी फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी आलो. आपल्याकडं साडेचारला सुरू होणार होती. मुलीनं मोबाइल टीव्हीला जोडला. आईनं पाटावर बसून घेतलं. आईची वीस वर्षांची मैत्रीण, शेजारची खाला, स्वतःची उशी घेऊन आली. बायकोनं पेढ्यांचा डबा आतल्या खोलीत लपवून ठेवला होता, कारण आईचा भरवसा नव्हता.

पडद्यावर पांढरंशुभ्र रान, वर निळं आभाळ, हजारो माणसं घंटा वाजवतायत. एकेक खेळाडू अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सुटायचा, आणि सोडतीत धाकट्याचा नंबर पहिला निघाला होता. त्या मोठ्या कमानीखाली तो एकटा उभा. छातीवर तिरंगा. आईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. "लई वाळलाय," म्हणाली.

तो सुटला. तीन-साडेतीन मिनिटांनी पहिल्या टप्प्यावर वेळ नोंदली गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यात यादी उमटली. यादीत एकच नाव. पुढं एक आकडा, तिरंगा, आमचं आडनाव.

"पहिला आला," आई म्हणाली.

"आजी, अजून बाकीचे पोचायचेत तिथं," मुलगी सांगायला लागली, पण आई उठली होती. लपवलेला डबा तिला बरोबर सापडला. खालाच्या तोंडात पेढा गेला, दारातून डोकावणाऱ्या दोघींच्या हातावर गेला, जिन्यातल्या गॅसवाल्यालाही मिळाला. तोवर पडद्यावर दुसरं नाव आलं आणि धाकटा दुसरा झाला. मग तिसरा. मग सहावा. आई डबा धरून बघत राहिली. खालानं तोंडातला पेढा शांतपणे संपवला आणि म्हणाली, "खा लिये सो खा लिये, बहन. अब क्या वापस देते?"

आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. पण मी हसता हसता थांबलो, कारण तो निशाणांपाशी पोचला होता.

पालथा पडून पाच. पाचही पांढरी. भराभर, विनातक्रार, गच्चीवरच्यासारखी. तो उठून पळाला आणि मग बराच वेळ दिसला नाही. कॅमेरा नॉर्वे, फ्रान्स, जर्मनीच्या मागं. ती माणसं बघूनही मी थक्क झालो. चढावर त्यांच्या तोंडाला फेस, दाढीवर बर्फ, आणि निशाणापुढं आले की तळ्यातल्या पाण्यासारखी शांत. एकेकाला बघताना मला तो टाकीवरचा लाल ठिपका दिसत होता. जगात एवढी माणसं आपलं काळीज असं मुठीत धरायला शिकलीत, आणि आपण पंचवीस वर्षं पलीकडच्या गल्लीतला आवाज आला तरी दचकतो.

मग तो उभ्या निशाणांपाशी आला. एक पांढरं. दोन. तीन. चार. कॅमेरा त्याला सोडून निघालाच होता, पण पाचवी गोळी सुटेना, म्हणून परत आला. तो रायफल खांद्याला लावून उभा होता. नळी किंचित हलत होती. त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं येत होती, पाच बार टाकून जात होती, काहींचे चुकत होते, ते जादा फेरीला पळत होते. हा उभाच.

"थांब," मी म्हणालो. माझ्याही नकळत उभा राहिलो होतो. "थांब. बसू दे."

त्यानं रायफल खाली घेतली, एक श्वास घेतला, पुन्हा वर उचलली. इंग्रजीत समालोचन करणारा माणूस बोलायचा थांबला. आई म्हणाली, "उभा कशाला ऱ्हायलाय? पाय गारठतील त्याचे." ते हजारो लोक घंटा वाजवायचे थांबल्यासारखे वाटले. खरंच थांबले होते की मला ऐकू येत नव्हतं, देव जाणे.

नळी थांबली. ती मला इथून, हजारो कोसांवरून, थांबलेली दिसली. पाचवं निशाण पांढरं झालं.

घरात कोण काय ओरडलं ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते लपवलं नाही. दहाच्या दहा. त्या दिवशी तिथं उतरलेल्या जगातल्या एवढ्या नावाजलेल्यांपैकी मोजक्यांनाच जमलं, आणि त्यात आमच्या कापसाच्या रानातला एक होता. मी बायकोला म्हणालो, "बघितलं? हे मी शिकवलंय."

तो पोचला, आणि मागचे एकेक येत गेले तसा यादीत खाली सरकला, पण शेवटून दुसरा नव्हता. बराच वर होता. शेवटचा खेळाडू येईपर्यंत हद्द ठरणार नव्हती. तासाभरानं निकाल लागला. मुलीनं तो मोबाइलवर उघडला, वहीवर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"पाच सेकंदांनी बाहेर," ती म्हणाली.

मी म्हणालो, पाय कमी पडले. पुढच्या वेळी बघू.

आई देवापाशी गेल्यावर मुलीनं वही माझ्यापुढं सरकवली. दहाव्या गोळीपाशी काकांचे अडतीस सेकंद जास्त गेले होते. तिनं ती शर्यत पुन्हा लावून मोजले होते. जादा फेरीला त्यांना तीस लागतात, हे आधीच्या निकालांवरून दिसत होतं. ती गोळी त्यांनी तशीच चुकवून फेरी मारली असती, तर ते तीन सेकंदांनी आत आले असते. तिनं आकड्यांखाली रेघ मारली नव्हती, माझं नावही घेतलं नव्हतं. पण आकडेमोड मला कळते. मी तिघांना पुरेल एवढा चहा एकट्यानं प्यायलो.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. मागं वारा वाजत होता. "दहाच्या दहा, दादा. बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो. वही माझ्या मांडीवर होती.

त्याला शिकवायच्या कामावर बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा चाकाच्या पट्ट्या आणल्या नव्हत्या. एका संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर होतो. ते ओझं मला शर्यतीपासून उचलवत नव्हतं, म्हणून मी सरळ बोललो. "ती दहावी गोळी तशीच सोडली असतीस तर आत आला असतास. माझ्यामुळं गेलं."

"व्हय, आत आलो असतो," तो म्हणाला.

"तुला तिथं कळलं नाय?"

"हद्दीचं कसं कळणार? पण फेरी मारली तर लवकर सुटतो, एवढं कळत व्हतं. दहा वर्षं तेच केलं की."

"मग माझं कशाला ऐकलंस? मी आपलं मशीनवरचं सांगितलं व्हतं."

तो कठड्याला टेकला आणि खाली रस्त्याकडं बघत बोलला. "तुझं ऐकून नाय थांबलो. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आलता. म्हणाली, यंदा तुझे दादा बसणार हायेत बघायला. दहा वर्षांत पहिल्यांदाच बसणार व्हतास. तुझ्यासमोर चुकवावं वाटलं नाय."

एवढंच सांगून तो तिथंच उभा राहिला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसेना. त्यानं जगातलं सगळ्यांत मोठं दार माझ्या एका नजरेसाठी सोडून दिलं होतं, आणि त्या नजरेनं दहा वर्षं त्याच्याकडं वळायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून त्याला शाबास म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. तेव्हा म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.